मामा, हा डबा एवढा का ओरडतो?

गेल्या मे महिन्यात नागपूरला ताईकडे होतो. दुपारी तीनचा सुमार, खिडक्यांना जाड पडदे, हॉलमध्ये कूलर घरघरत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून, कुणी हेअर ड्रायर लावून विसरून गेल्यासारखा आवाज यायला लागला. ताई म्हणाली, "झाला याचा गेम सुरू. आता मालिकेतलं एक अक्षर ऐकू येणार नाही."

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने टेबलाखालच्या डब्याकडे बोट दाखवलं. "मामा, नवं ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून हा असाच ओरडतो. अजून दोन फॅन लावू का? की लिक्विड कूलर घेऊ? बाबांशी तू बोलशील?"

आपल्याकडे त्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत कुठेतरी काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो. या प्रकरणात डब्याला कॅबिनेट म्हणू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. भाच्याचं कॅबिनेट होतं कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कपाटात. समोर दार, मागे प्लायवूड, प्लायला वायरींपुरतं मुठीएवढं भोक. निम्मं उत्तर मला तिथेच दिसलं होतं, पण त्याला ते पटायला हवं, म्हणून सुरुवातीपासून निघालो.

१. वीज गेली कुठे?

मिक्सर वीज खातो आणि चटणी वाटतो. पंप वीज खातो आणि पाणी गच्चीवर चढवतो. कॉम्प्युटर वीज खातो आणि गणितं करतो. पण गणित करून झाल्यावर वीज कुठेच शिल्लक राहत नाही. चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा इवलासा विद्युतभार भरतात आणि सोडतात, आणि या भरण्या-सोडण्यात खर्ची पडलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणजे गेम चालू असताना ४०० वॅट ओढणारा कॉम्प्युटर हा त्या खोलीच्या दृष्टीने ४०० वॅटचा हीटर आहे. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. भाचा गेम खेळायला बसला की त्या दहा बाय बाराच्या खोलीत चार पाहुणे येऊन बसतात, आणि रात्री बारापर्यंत उठत नाहीत. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला दहावा हिस्सा या पाहुण्यांवरच जातो. वीजबिलाचं म्हणाल तर ४०० वॅटने तीन तास म्हणजे १.२ युनिट.

आता महत्त्वाची गोष्ट. कॉम्प्युटरचा कुठलाही कूलर, कितीही महाग असला तरी, ही उष्णता नाहीशी करत नाही. सरकारी कर्मचाऱ्यासारखी तिची फक्त बदली होते. चिपमधून तांब्यात, तांब्यातून पात्यांमध्ये, पात्यांमधून हवेत, हवेबरोबर कॅबिनेटच्या बाहेर आणि तिथून खोलीत.

प्रत्येक बदलीला उतार लागतो. पाणी उताराशिवाय वाहत नाही, तशी उष्णताही जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. समजा चिप ७५ अंशांवर, कूलरची पाती ५५ वर, कॅबिनेटमधली हवा ४५ वर आणि खोली ३५ वर. या पायऱ्यांमधली तळची पायरी खोलीची. तीच दहा अंशांनी वर सरकली, तर वरच्या सगळ्या पायऱ्या साधारण तेवढ्याच वर सरकतात. पुण्यात डिसेंबरात गुपचूप चालणारा कॉम्प्युटर नागपुरात मे महिन्यात बोंबलतो तो यामुळे. त्यात बिघाड काही नसतो. भाच्याच्या कॉम्प्युटरसाठी त्या घरातलं सगळ्यात परिणामकारक यंत्र हॉलमधला कूलर होता, आणि खोलीचं दार बंद ठेवल्यामुळे त्याचा वारा तिथवर पोचत नव्हता.

एक खुलासा इथेच करतो. चिप ७५ किंवा ८० अंशांवर गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. आजच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचले की ते जळत नाहीत, आपणच आपला वेग कमी करतात. गेममध्ये अचानक एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, पडतात, त्यामागे कधी कधी हेच असतं. एएमडीने तर रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवले.

२. भाकरी आणि तवा

४०० वॅट म्हणजे फार नाही. घरातली इस्त्री १००० वॅटची असते आणि तिला पंखा लागत नाही. मग इथेच एवढा थाटमाट कशाला?

फरक जागेचा आहे. इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. भाच्याकडे रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आहे. त्याच्यातल्या ज्या तुकड्यावर गणितं होतात तो जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा, अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. तिथून जोराच्या कामात ६० वॅट निघाले, तरी चौरस सेंटिमीटरला ७५ वॅट झाले, म्हणजे इस्त्रीच्या १५ पट. म्हणून पहिलं काम ही उष्णता पसरवायचं. गार करणं नंतर.

पसरवायला चिपवर तांब्याचा ठोकळा बसवतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्याच असतात आणि दऱ्यांमध्ये हवा. तव्यावरची भाकरी आठवा: जिथे ती तव्याला टेकते तिथे डाग पडतात, जिथे फुगून वर उचलली जाते तिथे पांढरी राहते. मधली हवा उष्णता जाऊ देत नाही. ती हवा हुसकायला थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट हवेपेक्षा दोनशेएक पट चांगली वाहक आणि तांब्यापेक्षा कित्येक पट वाईट. तिचं काम फक्त दऱ्या भरायचं. टूथपेस्टसारखी जाड थापली तर तोटाच, चिपच्या मध्यावर मटारच्या दाण्याएवढी पुरते.

ही भाकरी मी स्वतः जाळलेली आहे. पहिला कॉम्प्युटर मी हौसेने जोडला, चालू केला, आणि बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या) पडद्यावर तापमानाचा आकडा ६०, ७५, ९० असा चढत गेला. पंखा फिरतोय, स्क्रू घट्ट आहेत, पेस्ट लावलेली आहे. तासभर डोकं खाजवल्यावर कूलर उचलून पाहिला. त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला, त्यावर माझी पेस्ट, आणि कागदावर छापलेलं: वापरण्यापूर्वी काढा.

३. झाकणावरचं पाणी

पसरलेली उष्णता आता पातळ पात्यांपर्यंत न्यायची. भरीव तांब्याची कांबही नेईल, पण सावकाश. म्हणून कूलरच्या तळातून तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या वर जातात. त्या सळया नसतात. आतून पोकळ असतात आणि आत थोडंसं पाणी असतं.

दुधी परतून झाला की आपण कढईवर ताटली ठेवतो आणि ताटलीत पाणी ओततो. खालून वाफ वर जाते, गार ताटलीला लागून तिचं पाणी होतं, थेंब परत भाजीत पडतात, आणि ताटलीतलं पाणी मात्र कढत होतं. उष्णता वर पोचली, भाजीतलं पाणी जागच्या जागी राहिलं. कूलरच्या नळीत नेमकं हेच चालतं. आतली हवा काढून घेतलेली असल्यामुळे पाणी कमी तापमानालाच वाफ होतं. वाफ पात्यांकडच्या गार टोकाला धावते, तिथे पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या खरखरीत अस्तरातून, समईच्या वातीतून तेल चढावं तसं, चिपकडे परत येतं. ना पंप, ना आवाज. या नळीला हीट पाइप म्हणतात. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ती करून दाखवली तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयानं होती. आज हजार-दोन हजारांच्या कूलरमध्ये तशा चार नळ्या मिळतात. माझ्या मते सबंध कॅबिनेटमधली सगळ्यात देखणी कल्पना हीच, आणि दिव्यांच्या झगमगाटात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

भाच्याने लगेच विचारलं, "मग माठासारखं खोलीपेक्षाही गार होईल का?" नाही. माठातली वाफ उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ खोलीपेक्षा गार. इथे वाफ नळीतच कोंडलेली. ती उष्णता फक्त दुसऱ्या टोकाला नेऊन टाकते.

४. सेकंदाला दोन बादल्या

आता हवेची पाळी. किती हवा लागते याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १.२ जूल लागतात, आणि एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल. धरून चालू की कॅबिनेटच्या आत ३६० वॅट उष्णता होते आणि आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा फार तर दहा अंशांनी जास्त तापलेली चालेल. मग प्रत्येक लिटर १२ जूल उचलेल, आणि ३६० भागिले १२ म्हणजे ३० लिटर. दर सेकंदाला १५ लिटरच्या दोन बादल्या भरून हवा आत यायला हवी आणि तेवढीच बाहेर जायला हवी. एकच बादली मिळाली तर आतली हवा वीस अंशांनी तापेल.

१२० मिलिमीटरचा एक पंखा मोकळ्यावर सेकंदाला २५ लिटरच्या आसपास हवा ढकलतो. जाळी, फिल्टर, वायरींचा गुंता मध्ये आला की त्यातले निम्म्याहून थोडेच जास्त उरतात. म्हणून सर्वसाधारण गेमिंग कॉम्प्युटरला समोरून आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक असे तीन पंखे पुरतात. समोर काच आणि कडेला बोटभर फट अशी कॅबिनेटं दुकानात फार उठून दिसतात. ती घेऊ नका. नाक चिमटीत धरून धावण्यासारखं आहे ते.

आणि भाच्याचं कपाट? पंखे तिथे प्रामाणिकपणे फिरत होते, पण मागून टाकलेली गरम हवा प्लायवर आपटून, कडेने वळून, पुन्हा समोरून आत येत होती. बादल्या भरत होत्या, त्याच पाण्याने.

शंका असेल तर दोन चाचण्या घरी करता येतात. पहिली: वीस मिनिटं गेम चालवून तापमान लिहून ठेवायचं, मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून पुन्हा वीस मिनिटं. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर हवेची वाट ठीक आहे. आठ-दहा अंश उतरले तर कॅबिनेट गुदमरतंय, महाग कूलर घेऊन उपयोग नाही. भाच्याचं कार्ड कपाटात ८४ वर होतं. कॅबिनेट नुसतं बाहेर काढून टेबलाशेजारी भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवल्यावर ७५ वर आलं. खर्च शून्य.

दुसरी चाचणी उदबत्तीची. पंखे चालू ठेवून पेटलेली उदबत्ती कॅबिनेटच्या फटींजवळून फिरवायची, राख आत पडू न देता. समोरच्या जाळीपाशी धूर आत ओढला जायला हवा, मागे बाहेर ढकलला जायला हवा. बाकीच्या फटींतूनही धूर आत जात असेल, तर बाहेर टाकणारे पंखे आत घेणाऱ्यांवर भारी पडताहेत. मग फिल्टर नसलेल्या प्रत्येक भोकातून धूळ येणार. आत येणारी हवा किंचित जास्त ठेवली की धुळीला फिल्टरच्याच दारातून यावं लागतं. आमच्या चाचणीत कळलं ते वेगळंच: समोरच्या दोन पंख्यांपैकी एक उलटा बसवलेला होता. ताईला वाटलं आम्ही कॉम्प्युटरची पूजा करतोय.

५. एकापेक्षा दोन शांत

"पण अजून पंखे लावले तर आवाज वाढेलच ना?" हा प्रश्न भाच्याच्या वडिलांचा. उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून ते नीट मांडतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबलची बेरीज साधी नसते. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र लावले तर आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते. उलट पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते.

आता एक पंखा मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतोय. त्याऐवजी तसेच दोन, प्रत्येकी ७५० फेऱ्यांनी. हवा जवळपास तेवढीच. आवाज १५ ने उतरला, दुसऱ्या पंख्यामुळे ३ ने चढला: एकूण १२ डेसिबल कमी. कानाला निम्म्यापेक्षा कमी. याच न्यायाने मोठा पंखाही बरा. १४० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड १२० च्या तुलनेत ३६ टक्क्यांनी मोठं असतं, तेवढीच हवा तो निवांत फिरून देतो. छताचा पंखा आणि हेअर ड्रायर या दोघांतली जास्त हवा कोण हलवतं, ते आठवा.

उद्योगालाही हे धडे ठेचा खाऊनच मिळाले. २००३ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे कार्ड बाजारात आलं. त्याचा इवलासा पंखा इतका किंचाळायचा, की लोकांनी त्याला हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं नाव ठेवलं. शेवटी कंपनीच्याच लोकांनी स्वतःची टिंगल करणारी चित्रफीत काढली. उलट ऑस्ट्रियातली नॉक्टुआ कंपनी शांत पंख्यांवरच उभी राहिली. नाव लॅटिन, अर्थ छोटं घुबड, आणि बोधचिन्हातही घुबडच. आपला पिंगळा त्या घुबडाचा जवळचा नातलग. आता पिंगळा ओरडतो बराच, पण ते बसल्या जागेवरून, उडताना नाही.

वेगापेक्षाही जास्त छळतो तो चढउतार. एका सुरात चाललेला आवाज मेंदू दहा मिनिटांत विसरतो. पण 'घूंऽऽ' करून चढणारा आणि लगेच उतरणारा पंखा काही विसरता येत नाही. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा अंश उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये कोणत्या तापमानाला पंखा किती फिरावा याचा आलेख असतो, त्याला फॅन कर्व्ह म्हणतात. तिथे ६० अंशांपर्यंत पंखा एका मंद वेगावर स्थिर ठेवायचा, पुढे हळूहळू चढवायचा, आणि वेग बदलायच्या आधी काही सेकंद थांबायची सोय असेल तर ती चालू करायची. दहा मिनिटांचं काम आहे. ताईला सगळ्यात आधी जाणवलेला फरक हाच.

६. जेवणारे पंच्याहत्तर, पोळ्या दोनशे

इथवर आपण झालेली उष्णता हलवत होतो. मुळात ती कमी करता आली तर?

भाच्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवू शकणारा. एका जुन्या गेममध्ये त्याचं कार्ड सेकंदाला दोनशेच्या वर चित्रं बनवत होतं. पंगतीला पंच्याहत्तर माणसं आणि आतून दोनशे पोळ्या येताहेत. उरलेल्या पोळ्यांचा गॅस फुकट, आणि स्वयंपाकघरात उकाडा. सेटिंगमध्ये जाऊन एफपीएसची मर्यादा ७५ केली आणि पंखे जवळपास ऐकू येईनासे झाले. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे म्हणतात की जास्त चित्रांमुळे माऊसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो. ते खरंही आहे, तेव्हा त्यांनी मर्यादा काढावी. गाड्या पळवणाऱ्यांना आणि शेती करणाऱ्यांना गरज नाही.

दुसरा मार्ग व्होल्टेजचा. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.०५ व्होल्टवर चालणारं कार्ड त्याच वेगाने ०.९५ वर चाललं, तर व्होल्टेज दहा टक्क्यांच्या आतच उतरलं, पण भरण्या-सोडण्यात जाणारी वीज १८ टक्क्यांनी कमी झाली. कंपन्या थोडं जास्त व्होल्टेज देतात ते हजारातली कमकुवत चिपही चालावी म्हणून. तुमची चिप धडधाकट असेल तर तिला तेवढं लागत नाही. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. फार उतरवलं तर गेम बंद पडतो, मग एक पायरी वर यायचं. ज्याला एवढा खटाटोप नको, त्याने कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणावी. भाच्याचं आरटीएक्स ३०७० मुळात २२० वॅटचं, ते १७६ वर बांधलं. त्याला गेममध्ये फरक कळला नाही.

या वर्गाच्या हिशेबाने इंटेललाही गाठलं होतं. पेंटियम ४ चा वेग वाढवत वाढवत ४ गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचा बेत होता. उष्णता आवरेना, म्हणून २००४ मध्ये तो बेत सोडला, आणि पुढच्या वर्षी एका वेगवान मेंदूऐवजी दोन बेताच्या मेंदूंचे प्रोसेसर आणले.

७. मग लिक्विड कूलर?

थोडक्यात सांगतो. लिक्विड कूलरमध्ये पाणी उष्णता चिपकडून रेडिएटरपर्यंत नेतं, आणि रेडिएटरवर पुन्हा पंखेच असतात. फायदा एवढाच की पाती कुठेही, मोठी आणि मोकळी बसवता येतात, आणि पाणी सावकाश तापत असल्यामुळे पंखे दचकत नाहीत. २५० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला तो शोभतो. ६५ वॅटच्या रायझन ५ ला नाही. शिवाय पंपाचा आवाज, आणि काही वर्षांनी पंप जाणार. भाच्याच्या वडिलांशी मी बोललो ते एवढंच.

८. कूलरचा वारा, धूळ आणि उरलेले आवाज

नागपूर, अकोल्याकडे कूलरमुळे खोली दहा अंश उतरली तर कॉम्प्युटरही तेवढाच उतरतो. मात्र कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घ्यायचा नाही. त्यात पाण्याचे तुषार आणि क्षार असतात. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे कूलर चालतच नाही, तिथे छताचा पंखा आणि उघडी खिडकी.

धूळ पात्यांमध्ये गोधडीसारखी बसते. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी एकदा, कॅबिनेट बंद करून, प्लग काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअरने साफ करायचं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खराब होतं. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) उघडायचा नाही, बंद असला तरी त्याच्या आत वीज साठलेली असते. फक्त बाहेरून जाळीतून हवा मारायची.

हे सगळं केल्यावर भाच्याच्या खोलीत एक बारीक, किरकिऱ्यासारखा आवाज उरला. आधीही तो असणारच, पंख्यांखाली दबलेला. ती कॉइल व्हाइन. ग्राफिक्स कार्डावरच्या तारांच्या गुंडाळ्या विजेच्या झपाट्याने थरथरतात, त्याचा आवाज. एफपीएस जितके जास्त तितका तो तीक्ष्ण. पंखे बदलून तो जात नाही. एफपीएसची मर्यादा ६० वर आणली तेव्हा बराच मवाळ झाला. भाच्याने कान देऊन ऐकलं आणि मर्यादा परत ७५ वर नेली. "तेवढा चालेल मामा, मी हेडफोन लावतो." हॉलमधून ताईचा आवाज आला, "मी पण लावू का?"